चार नंबरची टाकी

जहाजाच्या पोटातली टाकी बंद करायची म्हणजे झाकण लावून चोवीस बोल्ट आवळायचे, एवढंच लोकांना वाटतं. इंडोनेशियातल्या बाताम बेटावरच्या आमच्या गोदीत हे काम मी एकोणीस वर्षं करतोय. आत जाणाऱ्यानं आपला पत्र्याचा बिल्ला झाकणाशेजारच्या फळीवर अडकवायचा, बाहेर आला की काढून घ्यायचा. फळी रिकामी, तर टाकी रिकामी. बिल्ला विसरणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार मी भर डेकवर करतो, मग तो माझा भाचा का असेना.

भाचा तुम्पाल आमच्याकडेच वेल्डर आहे. वय चौतीस, पदरात दोन पोरं. थोरल्या बहिणीनं "तुझ्या भरवशावर पाठवतेय" म्हणून त्याला माझ्या हवाली केलं, आणि दुसऱ्याच वर्षी ग्राइंडरनं त्याच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नेली. बहीण मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या सोमवारी सकाळी ऑफिसातली रेत्नो ते नवं यंत्र घेऊन आली. जावा बेटावरची पोरगी, हुशार, पण तोंडाला विसावा नाही. यंत्र म्हणजे डोक्यावर बसवायचं कडं आणि पुढं काळी काच. वायर नाही, जोडीला कॉम्प्युटर नाही, सगळी अक्कल त्या कड्यातच. वजन अर्ध्या किलोच्या वर, तेही सगळं कपाळावर. चार्जिंग जेमतेम दोन तास.

"काका, यातून न दिसणारा उजेड पडतो. तो आपटून परत येतो आणि समोरच्या वस्तूवर जाळी पसरते," ती म्हणाली. "अगदी अंधारातसुद्धा. टाकीत पाना, चिंधी काही राहिलं असलं तर तिथं जाळीला उंचवटा येणार. चालती माणसं ते लक्षात ठेवत नाही. स्थिर असेल तेच धरून ठेवतं."

"मामा, जपून हं," तुम्पाल हसला. "तुमचं डोकं रिकामं निघालं तर टाकी म्हणून त्यालाच झाकण ठोकतील."

"आधी तुझी जीभ ठोकतो," मी म्हणालो आणि माझा बिल्ला अडकवून चार नंबरच्या टाकीची शिडी उतरलो. फळीवर दुसरा एकही बिल्ला नव्हता.

आत ताज्या रंगाचा वास आणि घामटं काढणारा उकाडा. काच मोठी, पण जाळी दिसायची ती मधल्या लहानशा चौकटीतच, खिडकीतून बघावं तशी. मान फिरवावी तसा एकेक तुकडा दिसे. भिंत. लोखंडी फासळ्या. तळ. मागच्या कोपऱ्यात मात्र जाळी फुगलेली होती.

कोणीतरी गुडघे पोटाशी घेऊन बसावं तशी.

मी काच वर सरकवली आणि टॉर्च मारला. नुसतं रंगवलेलं लोखंड. काच खाली घेतली. बसलेला होता.

वॉकीटॉकीवर रेत्नोला विचारलं. "ओला रंग चमकतो ना काका, त्यानं फसतं कधीकधी. जवळ जा. ते परत मोजेल आणि पुसून टाकेल."

मी जवळ गेलो. पुसलं काही गेलं नाही. जाळी उलट बारीक होत गेली. हेल्मेटची कड दिसली. मग गुडघ्यावरचा डावा हात. मी बोटं मोजली. अंगठा धरून तीन.

वर कसा आलो ते मला आठवत नाही. तुम्पाल फळीवर बिल्ला अडकवत होता.

"कुठं निघालास?"

"शिडीची शेवटची पायरी राहिलीय. पाच मिनिटांचं काम."

मी त्याचा बिल्ला ओढून काढला आणि त्याच्या अंगावर फेकला. "नाही जायचं."

"अहो, पण झालं काय?"

"नाही म्हणजे नाही! इथं माझ्याजवळ बस."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी कागदावर खोटं लिहिलं. काम पूर्ण, टाकी रिकामी. झाकण बसलं. बोल्ट आवळले जात होते तोवर मी त्याला शेजारून हलू दिलं नाही. जे काही खाली बसलं होतं ते खाली राहिलं आणि बहिणीचा लेक वर माझ्याजवळ होता. मला रडू येईल इतकं हायसं वाटलं.

चोविसावा बोल्ट बसला तेव्हा तुम्पालनं वर पाहिलं. "आभाळ आलं का मामा?"

डेक बुटातूनही पोळत होतं. वर ढगाची चिंधी नव्हती.

"नाही."

"मग अंधारून का आलं?"

"पोटात काही नसेल तुझ्या. चहा घे."

गळती तपासायला खाली पंप सुरू झाला. समुद्राचं पाणी चार नंबरमध्ये पडायला लागल्याची घरघर पायांखाली जाणवत होती. तुम्पालनं चहाबरोबरचं तळलेलं केळं हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

"मामा, पाय गार पडलेत."

मी खाली वाकून त्याचा बूट काढला. मोजा कोरडा ठणठणीत होता. आतला पाय बर्फासारखा.

"पोटऱ्यांपर्यंत आलं," तो म्हणाला. मग जरा वेळानं, "मांड्या."

मी वॉकीटॉकीवर ओरडलो, "पंप बंद कर! बंद कर म्हणतो ना!"

घरघर थांबली. "केला," पंपवाला म्हणाला. "दीडच फूट भरलंय. काय झालं?"

दीड फूट. उभ्या माणसाच्या गुडघ्यापर्यंत.

बसलेल्याच्या पोटापर्यंत.

तुम्पालचा हात पोटावर होता. मी त्याचे कपडे चाचपले. उन्हानं तापले होते.

टाकीत कोण बसलंय ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बोल्ट खोला म्हणून ओरडायला मी तोंड उघडलं, तोच त्यानं माझं मनगट धरलं.

"राहू द्या मामा," तो हळूच म्हणाला. "उघडू नका. खाली मी सापडलो, तर इथं कोण उरेल?"