शनिवारी दारं उघडी ठेवा

घरांतली ओल मोजणं हा माझा व्यवसाय. एडिनबराच्या आसपासचं घर विकायला निघालं की मी भिंतींना मीटर लावते आणि लोकांना त्यांच्या भुतांची कारणं सांगते. फुटका पाइप, बुजलेली चिमणी, नाहीतर नवऱ्याचा आळस. त्यामुळे २००४ साली बॅलकेर्न गावात घर घेतलं, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या मिसेस रेनींचं बोलणं मी हसण्यावारी नेलं.

"शनिवारी दुपारी पुढचं-मागचं दार उघडं ठेव गं," त्या कुंपणावरून म्हणाल्या. "पोरांना ग्राउंडवर जायचं असतं."

आमची घरं बॅलकेर्न रोव्हर्स या जुन्या फुटबॉल क्लबच्या जागेवर बांधलेली. गावातली गिरणी बंद पडली, खेळाडू पोटापाण्यासाठी पांगले. शेवटच्या शनिवारी गोलकीपरच आला नाही. दहाच जण उतरले, सामना झाला नाही आणि पुढे क्लबही उरला नाही. कपडे बदलायच्या खोलीतून मैदानावर जायची वाट नेमकी माझ्या हॉलमधून जायची, असं मिसेस रेनींचं म्हणणं.

मी दारं बंदच ठेवली. एका शनिवारी हॉलमध्ये खेळाडू पायांना चोळतात तसल्या बामाचा उग्र वास आला. पुढच्या शनिवारी लाकडी जमिनीवर चिखल होता, बुटांच्या खिळ्यांच्या खुणांसकट. कड्या आतून घातलेल्या होत्या. मला काही केल्या उलगडा होईना.

तेवढ्यात नागपूरहून बाबा आले. आई गेल्यापासून ते एकटे होते. त्यांनी कायमचं माझ्याकडे राहावं म्हणून माझा जीव तुटत होता. पण त्यांना इथं करमेना. रस्त्यावर बोलायला माणूस नाही, टीव्हीवरचं कळत नाही. परतीचं तिकीट उशीखाली ठेवूनच झोपायचे.

चिखल बघून ते घाबरले नाहीत, चिडले. दोन्ही दारं सताड उघडली आणि कडाडले, "जोडे बाहेर काढा, भाऊ! घर आहे हे!"

घरात आम्ही दोघंच होतो, तरी मी लाजेनं अर्धी झाले.

पुढच्या शनिवारी चिखल नव्हता. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत ओल्या मोज्यांच्या पावलांची रांग होती. मी मीटर लावला. ठशांत पाणी, बाजूला जमीन ठणठणीत कोरडी. बॅटरी बदलून पुन्हा लावला. तेच.

"दहाच आहेत," बाबा म्हणाले. "गोलकीपर नाही यांच्याकडे."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

तरुणपणी नागपुरात अजनीच्या मैदानावर रेल्वेच्या संघाचे गोलकीपर होते ते.

त्यानंतर बाबांचा नूरच पालटला. शनिवारी सकाळी गुळगुळीत दाढी, हलकं जेवण, मग हॉलमधल्या खुर्चीत वाट बघत बसणं. एकदा स्वतःहून म्हणाले, "सुचेता, तिकीट रद्द कर. मी राहतो."

मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. आनंदाच्या भरात का म्हणून विचारलंच नाही.

त्या शनिवारी बाबांना खुर्चीत डुलकी लागली होती. पायांत लोकरीचे मोजे होते. दारं उघडी होती. माझ्या डोळ्यांसमोर जमिनीवर एकेक ओला ठसा उमटत मागच्या दाराकडे गेला.

सगळ्यांच्या मागून एक अनवाणी पाऊल होतं.

डाव्या पायाला करंगळी नव्हती.

बाबांच्या डाव्या पायाची करंगळी मधुमेहामुळे काढावी लागली होती.

मी गुडघ्यांवर बसून त्यांचे मोजे ओढून काढले. पाय उबदार होते. वेड्यासारखा त्यांना मीटर लावला.

कोरडे.

संध्याकाळी ठसे परत आले आणि पुढच्या दारानं बाहेर पडले. चार बोटांचं पाऊलही. खुर्चीपाशी ते थांबलं नाही.

बाबा राहिले. जेवतात, झोपतात, विचारलं की हो म्हणतात. अजनीचं मैदान मात्र त्यांना आठवत नाही. वयानं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी मान डोलावली.

आता शनिवारी दोन्ही दारं मीच उघडते. रांगेच्या शेवटी ते अनवाणी पाऊल दिसलं की राहवत नाही.

"सावकाश जा, बाबा," मी म्हणते.

खुर्चीतले बाबा मान वर करून विचारतात, "कुणाशी बोलतेस?"