विद्युल्लताबाईंची हरकत

देशोदेशीच्या सरकारांना समोरासमोर बसवून बोलायला लावणारा मुलगा, आणि घरी आल्यापासून मूग गिळून नुसत्या गुळाच्या ढेपा फोडत बसला होता! याला काय म्हणावं? जिनिव्हातल्या व्यापाराच्या बैठकांत भारताच्या नावाची पाटी पुढ्यात ठेवून बसणाऱ्या केयूरने जव्हारच्या बाजारपेठेत, बापाच्या किराणा दुकानात, मुंग्यांशी हुज्जत घालावी... विद्युल्लताबाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

पण विचारायचं कसं? अबोला होता ना!

मागच्या वर्षी माघात बाईंचे यजमान कांतीलाल गेले, तेव्हा हा थोरला आला नाही. अग्नी धाकट्या सौरभने दिला. आणि ज्या बापाने येणाऱ्याजाणाऱ्याला छाती फुगवून सांगितलं होतं, "माझा पोरगा इंटरनेटवरून येणाऱ्या मालाची जकात ठरवतो, डोळ्यांना न दिसणाऱ्या मालाची!" त्या बापाचं अखेरचं दर्शनसुद्धा त्या पोराला घडू नये? दोन दिवसांनी त्याचा फोन आला, तेव्हा बाईंनी हातातसुद्धा घेतला नाही. सौरभकरवी कळवलं, "अग्नीला नाही आला, आता तेराव्याचं गोड खायला कशाला?"

तेव्हापासून मायलेकांत शब्द नव्हता. आताही तो समोर जेवायला बसला की बाई सौरभच्या बायकोकडे तोंड करून म्हणायच्या, "समृद्धी, विचार त्यांना, साहेबी पोटाला नागलीची भाकरी चालते का?"

"चालते," केयूर म्हणायचा आणि भाकरी मोडायचा.

पितृपक्ष लागला होता. उद्या कांतीलालांची तिथी. बाई दुकानाच्या आतल्या दारात बसून तांदूळ निवडत होत्या, तेवढ्यात जामसर गावची पोशी मीठ-तेल न्यायला आली. नात्याची ना गोत्याची, पण या घरात तिला कोणी अडवत नसे.

"भाऊ, तू इंटरनेटचा मोठा साहेब ना? मंग आमच्या रेशनच्या मशीनला रेंज का नाय येत? अंगठा दाबून दाबून झिजला माझा!"

केयूर पहिल्यांदाच हसला. "तिथे माझं चालत नाही, पोशीमावशी."

"मंग कुठं चालतं तुझं? रजा कवा सरते?"

"रजा नाही. नोकरी सोडली मी. आता इथेच बसणार."

बाईंच्या हातातलं सूप कलंडलं. तांदूळ उंबऱ्यापर्यंत पसरले आणि त्यांना ते दिसलेसुद्धा नाहीत... काय म्हणाला हा? सोडली? ज्या खुर्चीसाठी आपण सौरभला कॉलेजातून उठवून या गल्ल्यावर बसवलं, ज्या खुर्चीपायी कित्येक दिवाळ्या या लेकाच्या वाटेकडे डोळे लावून कोरड्या काढल्या, ती खुर्ची... सोडली? जणू उभ्या देहावर वज्राघात झाला!

"समृद्धी!" त्यांचा आवाज चिरकला. "विचार त्यांना, कोणाला विचारून सोडली?"

केयूरने हातोडी खाली ठेवली. "आईला विचारून."

"मला?" बाई त्या क्षणी अबोलाही विसरल्या. "कधी रे मेल्या?"

"श्रावणात. सौरभने फोन तुझ्या कानाला लावला होता. मी म्हणालो होतो, नोकरी सोडून येतो, दुकान सांभाळतो, सौरभला मोकळं करतो. तुला नको असेल तर गौरी जाईपर्यंत एक शब्द कळव. तू नाही कळवलास."

"मी बोलत नव्हते तुझ्याशी! मला वाटलं, मला बोलतं करायलाच म्हणतोयस!"

"आमच्याकडे असंच ठरतं, आई. मसुदा सगळ्या देशांना पाठवतात, मुदत देतात. मुदतीत कोणी हरकत घेतली नाही, की मंजूर. गप्प राहिला तो हो म्हणाला." "बाबा गेले तेव्हाही अशीच मुदत चालू होती. त्या जकातीचाच मसुदा. दिल्लीहून शब्द आला की हरकत नोंदवायची होती, आणि नोंदवणारा मी एकटा. मी विमानात बसलो असतो, तर अख्खा देश गप्प राहिला असता. बाबांना मी... बाबांना मी तिथूनच नमस्कार केला गं!"

पोशीने पदर तोंडाला लावला. गल्ल्यावरचा सौरभ मात्र हातातलं माप आपटून ओरडला, "दादा, आणि मला? मला मोकळं करा म्हणून मी कधी रडलो होतो? तुझ्या नावावर मी इथे ताठ मानेने बसतो, ते कुणाला विचारून काढून घेतोस?"

एवढ्या देशांची मनं वाचणाऱ्याला सख्ख्या भावाचं मन वाचता आलं नव्हतं!

"राजीनामा मंजूर झाला का?" बाईंनी विचारलं.

"अजून नाही. दिल्लीहून सारखा फोन येतोय, मागे घे म्हणून. मी उचलत नाही."

बाई उठल्या. सांडलेल्या तांदळातून चालत त्या लेकासमोर उभ्या राहिल्या. त्या केवढ्या हट्टाने रुसल्या होत्या! तो येईल, पाय धरेल, आपण दोन शिव्या हासडू आणि मग पोटाशी घेऊ, एवढंच तर हवं होतं त्यांना... आणि या शहाण्याने त्या रुसव्याचा ठराव करून टाकला! डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण मान तसूभर वाकली नाही. गूळ लागलेला त्याचा चेहरा त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"आई गप्प बसली की मंजूर, होय रे? अरे गाढवा, आई गप्प बसते तेव्हा घरातलं काहीच मंजूर नसतं! जगाचं शिकलास, आईचा अबोला नाही शिकलास. आता ऐक, माझी हरकत आहे! गच्चीवर जा, तिथे रेंज नीट येते. लाव फोन दिल्लीला आणि सांग, घरून हरकत आली. उद्या तुझ्या बापाचं पान तुझ्या हाताने वाढ, आणि परवा चालता हो तुझ्या खुर्चीकडे. दिवाळीला मात्र ये. नाही आलास, तर पुन्हा अबोला धरणार नाही मी, जिनिव्हात येऊन सगळ्या देशांदेखत तुझा कान धरीन!"