श्रावणातला खारा बांगडा

विन्सेंटची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी चिखलात बसले होते. बसले होते म्हणणं सभ्यपणाचं झालं. खरं तर बसवली गेले होते. जामसंड्याच्या सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या कातळाच्या पठारावर, आषाढातली सर नुकतीच थांबलेली, माझ्या एका हातात छत्री, दुसऱ्यात फौजदाराची दोरी, आणि समोरून एक तपकिरी कुत्री शांतपणे चालत आली. फौजदाराने जी झेप घेतली, त्यात छत्री एकीकडे, चप्पल दुसरीकडे आणि मी लाल पाण्यात.

फौजदार म्हणजे आमचा कुत्रा. दिसेल त्याला दरडावतो म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव.

त्या तपकिरी कुत्रीचा मालक दूरच थांबला. मी वाट पाहिली. गोष्टींमधले तरुण अशा वेळी धावत येतात, हात देतात. हा तिथूनच म्हणाला, "लागला नाय मा?"

"नाय. पण उठवूक कोणी इल्यार बरा होईत."

"मी थंय इलंय तर तो आणखी पिसाळतलो. तुमी आपणच उठा."

मी आपणच उठले. साडीवर नकाशा उमटला होता. फौजदार अजून भुंकत होता आणि मी दोरी दोन्ही हातांनी ओढून धरली होती.

"बाई, एक सांगू? रागवा नको," तो म्हणाला. "कुत्र्याच्या आधी तुमचो हात भुंकता."

"म्हणजे?"

"ही माझी पिंटी दिसली तशी तुमी दोरी आवळल्यात. तेका वाटला, बाईच भियेली, म्हणजे कायतरी वायट येता. कुत्रो वायट नाय तुमचो. भियेता."

मी प्राथमिक शाळेत दुसरीला शिकवते. कोणाच्या चुका कशा सांगायच्या हे मला ठाऊक आहे, आणि त्याने माझी चूक नीट सांगितली होती. म्हणून मला अधिकच राग आला. घरी जाईपर्यंत मी त्याला देण्यासारखी चार उत्तरं तयार केली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला सड्यावर गेले तेव्हा त्यातलं एकही दिलं नाही.

त्याला मी तोंडओळखीने ओळखत होते. देवगडच्या बंदरावर लाँचींची इंजिनं दुरुस्त करणारा विन्सेंट. पावसात लाँची किनाऱ्यावर ओढलेल्या, नारळी पौर्णिमेपर्यंत सकाळी त्याला कामाची घाई नव्हती. त्याचे वडील कॉस्मे लष्करात कुत्री सांभाळायचे. कुत्र्याची भाषा त्याला घरातच मिळाली होती.

माझी गरज मात्र साधी नव्हती. आदल्या चतुर्थीला शेजारचे भिकाजीकाका डोक्यावर गणपती घेऊन शाळेतून येत होते. गणपतीची शाळा म्हणजे जिथे मूर्ती घडवतात ती. वाटेत फौजदाराला दुसरा कुत्रा दिसला, तो माझ्या हातून सुटला आणि काकांच्या पायांत शिरला. काकांनी गुडघे फोडून घेतले, पण मूर्ती डोक्यावरून ढळू दिली नाही. ती पडली असती तर आमच्या घराला वाडीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. तेव्हापासून बाबांचा हुकूम होता: या चतुर्थीला कुत्रा रस्त्यावर शहाण्यासारखा उभा राहिला तर राहिला. नाहीतर मिठबाव गावी माझ्या सख्ख्या काकाच्या बागेत, बारा महिने साखळीला. फौजदार ओंजळीएवढा असताना मी त्याला शाळेच्या पडवीतून उचलून आणलं होतं. साखळीला तो जगला नसता, आणि मलाही त्यानंतर त्या घरात गोड लागलं नसतं.

हे सगळं मी विन्सेंटला सांगितलं, आणि त्याने पहिल्याच दिवशी चाळीस पावलं मोजली. एका टोकाला तो आणि पिंटी, दुसऱ्या टोकाला आम्ही.

"तेना पिंटीक बघितल्यान, पण भुंकाक नाय... त्या मधल्या घटकेक घास द्यायचो. भुंकल्यार नाय. आधी."

"आणि दोरी?"

"सैल. धरूची, पण ओढूची नाय."

घास म्हणजे खारा बांगडा. मीठ धुवून, निखाऱ्यावर भाजून, नखाएवढे तुकडे. मी ते माईच्या डब्यातून चोरायचे. माई म्हणजे माझी आई. चार दिवसांत फौजदाराला कळलं की कुत्री दिसली की आकाशातून बांगडा पडतो. आठव्या दिवशी पिंटी दिसताच त्याने भुंकायच्या ऐवजी माझ्याकडे पाहिलं.

"बगलात?" विन्सेंट तिकडून ओरडला. "आता पस्तीस."

अशी आमची पावलं कमी होत गेली. पस्तीसवर त्याचं हसू दिसायला लागलं. पंचवीसवर ओरडावं लागेना. पंधरावर तो मला चिडवायला लागला.

"बाई, शाळेतली पोरां तुमका भियेतत?"

"भियेतत."

"तेंका पण बांगडो देवन बगा."

"आणि तुमका कोणी शिकवल्यान, एवढा बोलूक?"

"पिंटीन. ती गप रवता, म्हणून माका बोलूचा लागता."

मग श्रावण लागला.

श्रावणात आमच्या घरात मासळीचं नावही निघत नाही. माईने खाऱ्या मासळीचा डबा फडक्यात बांधून माळ्यावर टाकला आणि शिडी काढून घेतली. मी खोबऱ्याचे तुकडे घेऊन गेले. फौजदाराने पहिला तुकडा तोंडात घेतला, विचार केला आणि माझ्या पायाशी ठेवला. मग पिंटीवर असा भुंकला की आम्ही पुन्हा तीस पावलांवर.

दुसऱ्या दिवशी विन्सेंटने वाटेतल्या गडग्यावर, म्हणजे रचलेल्या दगडांच्या कुंपणावर, एक कागदी पुडी ठेवली आणि तो मागे सरला. मी जाऊन उचलली. आत बांगडा होता, भाजून, तुकडे करून.

"आमच्याकडे श्रावण नाय," तो तिकडून म्हणाला. "तुमका शिवलेला चलता मा?"

"खावचो नाय. शिवाक काय झाला?"

शिवायला काय होतं ते मला लवकरच कळलं. बांगड्याचा वास साबणाने जात नाही. माझ्या बोटांना, छत्रीच्या मुठीला, शाळेतल्या खडूच्या पेटीला तो लागला. आमच्या शाळेतल्या सत्यवतीबाईंनी मधल्या सुट्टीत नाक वर करून विचारलं, "सरलाबाई, तुमी श्रावण पाळणास नाय काय?" आठवड्याभरात वाडीत पसरलं की शिकलेली सरला श्रावणात चोरून मासे खाते. मी रोज सकाळी सड्यावर एका तरुणाबरोबर तासभर असते हे कोणाच्याही ध्यानात आलं नाही. श्रावणात बांगडा हे पाप इतकं मोठं होतं की त्याच्याआड बाकी सगळं झाकून गेलं.

माई मात्र माई होती. एका सोमवारी मी पूजेची फुलं देत असताना तिने माझा हात धरला आणि नाकाशी नेला.

"कसलो वास ह्यो?"

"बांगड्याचो."

"श्रावणात?"

"मी नाय खाल्लंय, माई. फौजदाराक दिलंय."

"आणि तुका कोणी दिल्यान?"

"विन्सेंटान. कॉस्मेचो झील."

माईने फुलं स्वतःच उचलली.

"साबणान जावचो नाय तो," ती म्हणाली. "सोलान धू." सोलं म्हणजे कोकमाची आमसुलं. आणि देवघराच्या दारातून मागे न बघता, "रोज येता?"

"रोज."

"सोलां आणखी काढूक व्हयी मगे."

नारळी पौर्णिमेपर्यंत आम्ही चार पावलांवर आलो होतो. चार पावलांवरून त्याच्या शर्टाचा डिझेलचा वास येतो, आणि तो आवडतो, हेही मला कळलं.

"उद्यापासून लाँची सुटतत," तो म्हणाला. "सकाळी माका येवक गावचा नाय. तुमी चलात रवा. बांगडो मी गडग्यार ठेवन जाईन."

पुडी रोज असायची. तो नसायचा. फौजदार सरळ चालायचा, दोरी सैल असायची, सगळं ठीक होतं, आणि मला त्याची इतकी आठवण यायची की मी एकदा पुडीचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. तेलकट कागद. त्यावर काही लिहिलेलंही नव्हतं.

चतुर्थीच्या दिवशी बाबा गणपती आणायला निघाले. "दोरी तुझ्या हातात," ते म्हणाले. "ह्या खेपेक काय झाला तर उद्याच मिठबावाक." त्या दिवशी बांगड्याला हात लावणं शक्य नव्हतं. मी रिकाम्या हाताने रस्त्याच्या कडेला उभी राहिले.

झांजा ऐकू आल्या. पुढे भिकाजीकाका गणपती घेऊन, मागे बाबा आमचा घेऊन, आणि दोघांच्या मधून वाडीतला एक मोकाट कुत्रा नेमका आमच्याच दिशेने. फौजदाराचे कान उभे राहिले. माझी मूठ आवळायला लागली. मला ती आवळताना दिसत होती आणि थांबवता येत नव्हती.

तेव्हा पलीकडच्या गडग्यापाशी विन्सेंट दिसला, पिंटीसकट, बरोबर चाळीस पावलांवर. तो धावला नाही. त्याने फक्त आपली मूठ वर केली आणि उघडली.

मी माझी उघडली. दोरी खाली आली. फौजदाराने त्या कुत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घास नव्हता. मी त्याच्या कानामागे हात ठेवला आणि "शाबास" म्हणाले. त्याने जांभई दिली आणि बसला.

बाबा समोरून गेले. रेशमी फडक्याखाली झाकलेली मूर्ती जराही हलली नाही. न थांबता ते म्हणाले, "रवांदे तेका."

गर्दी पुढे गेल्यावर विन्सेंट पावलं मोजत आला. दहा, पाच, चार... आणि तिथे थांबला.

"शिकलो फौजदार."

"शिकलो."

"आता तेका माझी गरज नाय."

"नाय."

"मगे उद्यापासून... पुडी ठेवची नको मा?"

ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मला आवडत नाहीत. हा आवडत होता, म्हणून मीच बोलले.

"फौजदाराक गरज नाय म्हटलंय मी. माका आसा."

त्याने पिंटीची दोरी या हातातून त्या हातात घेतली.

"कधीपासून?"

"तुमी चिखलात हात देवक नाय, तेव्हापासून."

"तो हात द्यायचो रवलो आसा," विन्सेंट म्हणाला आणि उरलेली चार पावलं चालून आला. "घे गो आता." पहिल्यांदाच 'तुमी' सोडून.

मी घेतला. हाताला डिझेलचा वास होता आणि थोडा बांगड्याचाही. आरतीआधी मी सोलाने हात धुतले. मी न मागताच माईने सोलांची वाटी पुढे केली.

पुढे दोन्ही घरं आमच्यावर दोन वर्षं भुंकली. बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं, तिकडे कॉस्मेने जेवणाचं ताट सरकवलं. आम्ही लांब उभे राहिलो, कोणाला ओढलं नाही आणि रोज एकेक पाऊल पुढे गेलो. शेवटी रजिस्टर लग्न ठरलं. तारीख कचेरीने दिली, आणि ती निघाली श्रावणातली.

बाबा आले नाहीत. माई एकटीच एसटीने आली. साक्षीदाराची सही करून तिने कनवटीची पुडी काढली, बाहेर आंब्याला सैल दोरीने बांधलेल्या फौजदारापाशी गेली आणि खाली बसून त्याला घास भरवायला लागली. पुडीत भाजलेला बांगडा होता, मीठ धुवून, नखाएवढे तुकडे करून. माळ्यावरचा डबा तिने भर श्रावणात खाली काढला होता.