पुतळीचे खारट हात

फट्ट! कॉम्प्युटरच्या मागून धूर निघाला आणि पडदा काळा पडला.

"पुतळे, ऊठ तिथून!" हैबतराव सर ओरडले. "मिठागरात राबणारे हात तुझे, खारट! मशीन गंजणार नाही तर काय?"

"मी काय नाय केला, सर!"

"उद्यापासून येऊ नकोस!"

पेणच्या त्या क्लासात एकट्या पुतळीलाच हात धुऊन, फडक्याला पुसून, सरांना दाखवून मग बसायला मिळायचं. बाकीची पोरं आंबे खाऊन तशीच बसायची, त्याचं काही नाही! कॉम्प्युटर शिकायचाच, म्हणून पुतळीने तेही सोसलं होतं. आता मात्र ती रडतच बाहेर पडली.

क्लासातली तिची मैत्रीण मृणाली आणि रोह्याहून मावशीकडे सुट्टीला आलेला पुष्कर, दोघांचं डोकंच सणकलं! सरांनी व्हरांड्यात फेकलेला जळका पॉवर सप्लाय त्यांनी उचलला, पुतळीला ओढत नेलं आणि पुष्करची हेमांगीमावशी गाठली. ती कॉलेजात फिजिक्स शिकवायची.

"हात मागे! वायर काढली तरी झटका बसतो," म्हणत मावशीने डबा उघडला. आत वीज साठवणारा एक नळकांड्यासारखा कपॅसिटर फुगून फुटला होता.

"गंज कुठाय? नावालासुद्धा नाही!" पुष्कर चिडला.

"लाइन बारा व्होल्टची, यावर लिहिलंय, सोळापर्यंत सोसेल. मग फुटला कसा?" मावशी चक्रावली.

मृणालीच्या घरी गणपतीचा कारखाना. कोणी जुनीच मूर्ती रंगवून नवी म्हणून आणली, की तिचे बाबा तळाशी नखाने खरवडून बघत.

"मावशी, तो मला काढून द्या!" तिने कपॅसिटरचं प्लास्टिकचं आवरण खालच्या कडेला नखाने सोललं. आत दुसरं आवरण! त्यावर छापलं होतं, दहा व्होल्ट!

"काय हा चोरटेपणा! हलक्या मालावर खोटं लेबल!" मावशी संतापली. "हा फुटणारच!"

चौघं तडक क्लासात धडकली.

"सर, हे कपॅसिटर कुणी बसवले?" मृणालीने फुटका कपॅसिटर पुढे धरला.

"मीच. सगळ्या मशीनमध्ये. स्वस्तात मिळाले..." सरांनी सोललेलं आवरण निरखून पाहिलं. "मला तरी काय माहीत?"

"माहीत नव्हतं, तर या पोरीला वाट्टेल ते बोललात कसे?" मावशी कडाडली.

"चुकलं माझं," सर पुटपुटले.

"मोठ्याने बोला!" पुतळी म्हणाली. "मना सगल्यांसमोर बोललात ना? मग माफी पन सगल्यांसमोर मागा!"

भरल्या क्लासात सरांनी माफी मागितली. "शाब्बास, पोरांनो!" मावशीने तिघांच्या पाठी थोपटल्या.

चांगले कपॅसिटर बसवून मशीन पुन्हा सुरू झालं, त्या दिवशी सवयीने सरांनी पुतळीपुढे फडकं धरलं.

"कीबोर्डावर धूल हाय, तो पुसा, सर!" म्हणत ती ऐटीत खुर्चीत बसली.