दाराला पाठ लावून

फ्रीज दुरुस्त करणारा माणूस वेळेवर येतो, ही अफवा आहे. हा मात्र अकराचं बोलावणं असताना नऊलाच आला आणि आल्या आल्या प्रसूतिगृहाच्या मोठ्या सरांनी उघडलेलं फ्रीजचं दार त्याने धाडकन लावून टाकलं.

"दर पाच मिनिटांनी बघताय, गार आहे का म्हणून? बघून बघूनच गरम होईल आतलं!"

मोठे सर अपमान गिळून चहाला गेले. खोलीत उरली डॉक्टरीण.

दिवस भरण्याआधीच बाळं का जन्मतात, हे शोधायला ती दोन वर्षं या प्रसूतिगृहात राबत होती. इथे सोनोग्राफीचं यंत्र नव्हतं, रक्त तपासणारा आठवड्यातून दोनदा उगवायचा. बाळं तेवढी लवकर येण्यात कुचराई करत नव्हती. आठशे बारा बाळंतिणींच्या वारेचे तुकडे त्या कपाटाएवढ्या फ्रीजमध्ये गोठवून ठेवले होते. ते वितळले, की दोन वर्षं पाण्यात.

"नवा भाग यायला चार तास," तो दाराला पाठ लावून उभा राहिला. "तोवर हे उघडायचं नाही. तुम्ही म्हणालात तरी नाही."

"मी कशाला म्हणेन?"

"म्हणालात तर... विचार करावा लागेल."

तिने हसू आवरलं. "नेहमीच असे वेळेआधी येता?"

"सातमाशा आहे मी. आईला विचारा."

तिचे डोळे चमकले. असली चमक कशाने येते यावर कवींनी पुष्कळ लिहिलंय. प्रश्नावलीचं नाव कुणी घेतलेलं नाही.

"विचारू?"

त्याने फोन लावून स्पीकरवर ठेवला. अभ्यासात हे धरता येणार नव्हतं, पण सवय.

"सहाव्या महिन्यात ताप?"

"आठवडाभर. अंगात रक्त नव्हतं. कळशा मात्र सुटल्या नाहीत."

"कुणी तपासलं नाही?"

"तपासणारी बाई दोन टेकड्यांपलीकडे बसायची, पोरी."

तिचं पेन थांबलं. तो जमिनीकडे बघत होता. त्यानेही हे पहिल्यांदाच ऐकलं.

"शेवटचा प्रश्न, मावशी. बाळाची सध्याची प्रकृती?"

"समोर उभं आहे ना? तूच बघून लिही. सगळ्यात घाई करतं मेलं, लग्न सोडून."

तिने बघितलं. एका रकान्यासाठी जरा जास्तच वेळ बघितलं.

"कान लाल झालेत तुमचे."

"थंडीने."

"फ्रीजच्या बाहेर आहात तुम्ही."

भाग आला, बसला. तापमानाचा आकडा खाली उतरू लागला. आठशे बाराही शाबूत होते. आता दाराला पाठ लावून उभं राहायला काही निमित्त नव्हतं, तरी तो उभाच.

"रविवारी घरी जेवायला या. आई म्हणत होती... म्हणजे, मीच म्हणतोय."

"इतक्या लवकर?"

"सांगितलं ना, सातमाशा."

"वेळेआधी झालेलं मला काहीही चालत नाही. न्यायला या, पण अकरा म्हणजे अकरा."

रविवारी तो साडेआठलाच तिच्या दारात उभा होता. ती आठपासून चपला घालून बसली होती.