डाव्या हाताचं माप

"काम उजव्या हातानं करता, आणि दुखतंय डावं कोपर?" त्याने विचारलं.

मी खरं तर फिजिओथेरपिस्टबाईंकडे आले होते. त्या रजेवर होत्या, म्हणून त्यांच्या जागी आलेला हा भेटला.

"शिवणकाम करते," मी म्हटलं. "आई दोन महिन्यांपूर्वी गेली. तिनं शिवायला घेतलेले कपडे पुरे करतेय."

त्याने कोपराच्या बाहेरच्या बाजूला अंगठा टेकवला. मी कळवळले.

"हे दुखणं कात्रीचं आहे. काहीतरी लपवताय."

"पहिल्याच भेटीत एवढा संशय?"

"दुसऱ्या भेटीची सोय करतोय."

दुसरी भेट आमच्या दुकानात झाली. माणूस काम कसं करतो ते पाहिल्याशिवाय दुखणं कळत नाही, असं त्याचं म्हणणं. तो स्टुलावर बसला, मी कोट कापायला घेतला. दुपार अगदी निवांत होती. फक्त कापडातून जाणाऱ्या कात्रीचा आवाज...

"थांबा," तो हळूच म्हणाला. "हात बघा."

कात्री डाव्या हातात होती. आई डावखुरी, कात्रीही तिने तशीच बनवून घेतलेली. मी ती उचलल्याचं मला आठवत नव्हतं.

"किती वेळ?"

"वीस मिनिटं. मध्येच मला म्हणालात, 'सरक रे, उजेड अडतोय.'"

मी कात्री खाली ठेवली. आई हे सगळ्यांना म्हणायची — गिऱ्हाइकांना, मला, मांजरालासुद्धा. मग मी त्याला आईचं सगळंच सांगत बसले. ती टेप क्वचितच घ्यायची. गिऱ्हाइकाच्या मनगटाला बोटांचा वेढा घालून माप काढायची, आणि माणूस आवडला तर वर दोनदा हलकेच टिचकी मारायची.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कात्री सहा आठवडे बंद. पट्टा बांधा, व्यायाम करा. हात बरा होईल."

"आणि बरा झाल्यावर आई त्यात आलीच नाही तर?"

त्याने माझं कोपर अलगद टेबलावर टेकवलं. "ते तुमचं आणि आईंचं. पण हात असाच राबवलात तर चहाचा कपही उचलवणार नाही. आईंना चालेल?"

मी कात्री त्याच्या हाती दिली.

मग दर मंगळवारी त्याच्याकडे जायचं, टेबलाच्या कडेवरून मनगट बाहेर काढायचं, मुठीत अर्ध्या किलोचं वजन.

"खाली... हळू. अजून हळू. घाई कसली?"

"तुम्हाला कुठे आहे घाई!"

"मला मुळीच नाही."

दुखणं ओसरत गेलं. हातही मुका झाला, आई त्यात येईना. कापडावर खडूच्या रेघा माझ्याच पडू लागल्या — उजव्या हाताच्या, उजवीकडे कललेल्या. मला घरी जाऊन रडावंसं वाटे.

सातव्या आठवड्यात तो कात्री परत द्यायला दुकानात आला. "झालं. आता यायची गरज नाही... म्हणजे, हाताला नाही."

मी काही बोलणार, तेवढ्यात माझा डावा हात उठला. त्याच्या मनगटाला बोटांचा वेढा पडला. क्षणभर थांबून वर टिचकी — एक, दोन.

आम्ही दोघंही हललो नाही.

"पास झालो?" त्याने कुजबुजत विचारलं.

"मला काय माहीत? मी कुठे मोजलं..."

तो हसला नाही. आईच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून त्याने मान किंचित झुकवली. मग माझ्यापुढे तळहात धरला.

"आता उजवा द्या. तो तरी तुमचाच ना?"

"माझाच," मी म्हटलं, आणि दिला.