गाडीखालची परात

खरं प्रेम आणि इंग्रजी इंजिन, जगात या दोनच गोष्टी काळाला पुरून उरतात, असं अविनाश बेहेरे छातीठोकपणे सांगत असे. सांगताना हिवाळा असला तर त्याच्या हातात किटली असे. कारण यांतली दुसरी गोष्ट थंडीत गरम पाण्याशिवाय सुरू होत नसे.

विनया देवस्थळी त्याला पहिल्यांदा भेटली तीही या किटलीपायीच. अठ्ठ्याहत्तरचा जानेवारी होता. चंदीगडात असं धुकं पडलं होतं की सगळी एकसारखी सरकारी घरं तेवढ्यापुरती वेगवेगळी वाटत होती. विनया फाटकाशी दुधाची वाट बघत उभी होती. धुक्यातून आधी खोकला ऐकू आला, मग एक दीर्घ सुस्कारा, मग काहीच नाही... आणि त्या शांततेतून कोपरापर्यंत काळा झालेला एक तरुण बाहेर आला.

"बहनजी, थोडा गरम पानी मिलेगा?"

विनया आत वळून म्हणाली, "आई, कुणीतरी गरम पाणी मागतंय. अंघोळ राहिलेली दिसते."

"माझी झालीय," तो मराठीत म्हणाला. "गाडीची राहिलीय."

किटली परत करताना तो फाटकाशी जरा घुटमळला.

"ते मघाशी बहनजी म्हणालो... ते मागे घेतलं तर चालेल?"

"किटली परत दिलीत, तेवढं पुरे," विनया म्हणाली. पण दूध उतू जाईपर्यंत तिचं लक्ष फाटकाकडेच होतं.

अविनाश मूळचा साताऱ्याचा. सेक्टर तीसमधल्या सरकारी संस्थेत तो अचूक वेळ मोजणारी उपकरणं बनवत असे आणि कुठेही वेळेवर पोचत नसे. दिल्लीला परदेशी वकिलातींच्या जुन्या गाड्यांच्या लिलावात तो गुरबचन या मित्राबरोबर गेला होता. तिथे दोन टू-सीटर गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक लाल जपानी डॅटसन. स्वस्त आणि चालू. दुसरी हिरवी, विलायती. महाग आणि बंद. डॅटसन गुरबचननं घेतली आणि चालवत घरी आणली. हिरवी अविनाशनं घेतली आणि ट्रकवर घालून आणली. तिच्या नाकावरचं कंपनीचं चिन्ह कधीच गळून पडलं होतं. खानदानी माणसाला पाटी लागत नाही, असं अविनाशचं म्हणणं.

मग येणं-जाणं वाढलं. तो येई, गाडी अंगणात लावी, आणि तिच्यातून तेलाचे थेंब फरशीवर पडत. विनयाच्या आईनं, नलिनीबाईंनी, दोन-तीनदा फरशी घासली आणि एक दिवस न बोलता जुनी परात आणून गाडीखाली सरकवली. घरात जावयाचं नाव कुणी काढलं नव्हतं, पण त्याच्या गाडीचं ताट मांडलं गेलं होतं.

संध्याकाळी सुखना तलावाच्या काठी भांडण चाले. विनया न चुकता जपानची बाजू घेई.

"डॅटसन चावी फिरवली की सुरू होते," ती म्हणे.

"त्यात काय मजा? माणसाला करायला काही उरतच नाही."

"बसता येतं की."

"तिला नुसता आवाज आहे. हिला सूर आहे."

"हिला खोकला आहे. आणि त्या गाडीचं दार बंद होतं."

"हिचंही होतं."

"होतं. उघडत नाही."

"कुणाला उतरायची घाई आहे?" अविनाश म्हणाला. तिच्या बाजूचं दार खरंच उघडत नव्हतं. त्या दिवशी तिला उतरताना त्यानं हात दिला तो त्याच्या बाजूनं, आणि काळा डाग तिच्या मनगटावर राहिला. तिनं तो दोन दिवस साबणापासून जपला.

अशी दोन वर्षं गेली. अविनाशला विचारायचं होतं, पण ते कसौलीला, डोंगरमाथ्यावर, झाडाखाली. आणि गाडी पायथ्याच्या कालक्यापुढे चढायला तयार नव्हती. तेवढ्यात नागपूरहून श्रीनिवासचं स्थळ आलं. बँकेत अधिकारी, शांत, वेळेवर जेवणारा. त्याला विनया पसंत पडली.

"रविवारी सकाळी येतो," अविनाश तलावाकाठी म्हणाला. "तुमच्या बाबांशी... बोलायला."

"कशाबद्दल?"

"जपानबद्दल नाही."

विनयाचे वडील श्रीपादराव हिशेबखात्यात होते. ते एवढंच म्हणाले, "रविवारी दुपारी नागपूरचा ट्रंक कॉल लागेल. त्याआधी कुणाला काही सांगायचं असेल तर मी घरीच आहे. त्यानंतर मी शब्द दिलेला असेल."

रविवार उजाडला. नलिनीबाईंनी परात घासून अंगणात मांडली. विनयानं मोतिया रंगाची साडी नेसली, बदलली, पुन्हा तीच नेसली. दहा वाजले. अकरा वाजले. परात उन्हात चकचकत राहिली; तिच्यात थेंब नाही. रस्त्यावरून एकदा लाल डॅटसन गेली, थोड्या वेळानं परत गेली. गुरबचननं विनयाकडे बघून मान हलवली, ती कशासाठी ते तिला कळलं नाही.

बारा वाजून गेले आणि फोन वाजला.

श्रीपादरावांनी रिसीव्हरवर हात ठेवून लेकीकडे पाहिलं. "काय सांगू?"

ज्या गाडीचा भरवसा नाही असं ती दोन वर्षं सांगत आली होती, ती गाडी नेमकी त्या क्षणी तिच्या मनातही आली नाही. तिनं माणसाचाच भरवसा सोडला.

"हो सांगा," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर अर्धा तासही झाला नसेल. रस्त्यावर ओळखीचा खोकला ऐकू आला, आणि फाटकाबाहेर येऊन बंद पडला. विनया बाहेर गेली. अविनाश गाडीतच बसून होता. नवा शर्ट कोपरापर्यंत काळा.

"चौकात बंद पडली," तो म्हणाला. "गुरबचन आला होता. म्हणाला, ओये बेहरे, मेरी ले जा, लडकी के घर जाना है, लंडन नहीं."

"मग?"

"तत्त्वाचा प्रश्न होता. दोन वर्षं भांडलो आणि मागणी घालायला डॅटसनमधून आलो असतो, तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

"हसले असते," विनया म्हणाली. "आणि चहा टाकला असता."

"चालतही येता आलं असतं..." त्यानं स्टिअरिंगवरची बोटं मोजल्यासारखी बघितली. मग तिच्याकडे पाहिलं, आणि तिला काही सांगावं लागलं नाही. "फोन येऊन गेला?"

"गेला. बाबा शब्द मोडायचे नाहीत. आणि तो माझ्याच तोंडचा होता."

निलगिरीची पानं टपटप उघड्या टपाच्या गाडीत पडत होती. कुणीच ती काढली नाहीत.

"एक सांगू?" ती म्हणाली. "मला ती डॅटसन कधी आवडलीच नाही. तुम्ही भांडायला यावं म्हणून तिची बाजू घ्यायचे."

"मला आवडली होती," अविनाश म्हणाला. "लिलावात मी तिच्याचसाठी गेलो होतो. पण तिला कुणीही घेतलं असतं. हिला कोण घेणार, असं वाटलं... आणि मग तुम्हाला काय सांगायचं, म्हणून सूर वगैरे."

विनया हसली. हसताना डोळे भरून आले ते तिनं पुसले नाहीत. अंगणातून परात उचलल्याचा आवाज आला. नलिनीबाईंनी ती पुन्हा घासायला घेतली होती, कोरडीच.

अविनाशनं चावी फिरवली. गाडीनं एक सुस्कारा टाकला आणि गप्प झाली. त्यानं दुसऱ्यांदा फिरवली. तेवढाही नाही.

"विनया..." त्यानं पहिल्यांदाच तिला नुसत्या नावानं हाक मारली. "एक मागायचं होतं. आता कसं मागू?"

ती फाटक धरून उभी राहिली. "मागा."

"जरा मागून धक्का देता?" तो म्हणाला. "आणि बाबांनाही बोलवा. इथे उतार नाही, एकटीला जड जाईल."